कच्च्या घरातली मापे

मी एक जुना लॅपटॉप आहे, मित्रांनो, पण माझे वय मला विचारू नका. मला इतक्या वेळा पुसून पुन्हा नवे केले आहे की वाढदिवस कुठला धरायचा हाच प्रश्न पडतो. दर वेळी मी जागा व्हायचो, पडद्यावर 'स्वागत आहे' असे यायचे आणि मी समोरच्या माणसाला त्याची भाषा विचारायचो. समोर तेच गृहस्थ, तोच चष्मा, तोच कान तुटलेला चहाचा कप. त्यांनी ते उत्तर किती वेळा दिले असेल कोण जाणे. मला मात्र ते दर वेळी पहिल्यांदाच भेटत.

मग तुम्ही म्हणाल, एवढे पुसल्यावर हे सगळे सांगतोस कसे? शंका रास्त आहे. पुसली जाते ती डिस्क. झाकणाची बिजागरी, बटणांवरची झिजलेली अक्षरे, पंख्यात अडकलेला निळा धागा, यांना कोणी पुसत नाही. माझी आठवण या अंगात आहे. ती थोडी आहे, पण तेवढी मला पुरते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात, पांढऱ्या दिव्यांखाली झाला. सरकत्या पट्ट्यावरून मी पुढे पुढे जात होतो आणि टोप्या घातलेले लोक माझ्यात एकेक भाग बसवत होते. शेवटच्या टेबलावरच्या बाईने माझे झाकण उघडले, मिटले, पुन्हा उघडले आणि मान डोलावली. ती माझी पहिली शाबासकी. तिथून मी एका विम्याच्या कार्यालयात गेलो. तिथे मी काही वर्षे इमानेइतबारे काम केले. त्या वर्षांबद्दल सांगण्यासारखे काही नाही. मग कार्यालयात नवे लॅपटॉप आले आणि आम्हा जुन्यांची तळघरात चळत लागली. तिथून जुन्या सामानाच्या दुकानात आणि दुकानातून एका चौथ्या मजल्यावरच्या घरात, असा माझा प्रवास झाला.

त्या घरातल्या गृहस्थांना सगळी इमारत ट्रायलकाका म्हणायची. जन्मभर त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या. दुरुस्ती झाली की ते आधी स्वतः एकटे लिफ्टमध्ये शिरत, वरपासून खालपर्यंत जाऊन येत, आणि मगच दार उघडून म्हणत, "हां, आता या." आधी मी, मग तुम्ही, हा त्यांचा नेम. निवृत्त झाल्यावर या नेमाचे करायचे काय, असा पेच पडला. रिकामा माणूस घरात बसला की घरातल्यांच्या नाकी नऊ येतात. काकांनी बेसिनचे नळ तपासले, दाराच्या कड्या तपासल्या, शेजाऱ्यांच्या घंटा वाजवून पाहिल्या. शेवटी शेजाऱ्यांनीच हात जोडले.

अशात त्यांना बीटाचा शोध लागला. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे माझा कारभारी. तो नसला तर माझे बटण माझ्या पडद्याला ओळखत नाही. हा कारभारी बनवणारी कंपनी दर नवी आवृत्ती बाजारात आणण्याआधी ती कच्ची असतानाच काही हौशी लोकांना वापरायला देते. त्यांनी ती वापरायची, चुका शोधायच्या आणि कळवायच्या. या कच्च्या आवृत्तीला बीटा म्हणतात. काकांना हे कळले आणि त्यांचा जीव तिथेच रमला. लोक शिरण्याआधी रिकाम्या लिफ्टमधून जाऊन यायचे, हेच तर ते काम होते.

काका बेफिकीर नव्हते, हे मुद्दाम सांगतो. त्यांनी माझ्या डिस्कचे दोन भाग केले होते. एकाला ते पक्के घर म्हणत. तिथे जुना, भरवशाचा कारभारी आणि घरातले सगळे कामाचे सामान. दुसरे कच्चे घर. तिथे बीटा यायची, नांदायची, तिची मुदत संपली की मोडायची आणि त्याच जागी दुसरी यायची. मला सुरू केले की मी विचारायचो, कुठल्या घरात जायचे? नवी बीटा घालण्याआधी काका पक्क्या घराची नक्कल एका बाहेरच्या डिस्कवर घेत. जुनी नक्कल पुसायची, तिच्या जागी नवी. कच्च्या घरात आपले काही ठेवायचे नाही, हे ते स्वतःशी पुटपुटत असत. त्यांच्या पुटपुटण्याकडे घरात कोणी लक्ष देत नसे, कारण ते सदा काहीतरी पुटपुटतच असत.

बीटांनी माझे काय काय केले, ते मला अंगावरच्या खुणांवरून कळते. एकीने पंखा सारखा पळवला. एकीने मला झोपू दिले नाही. एकीच्या काळात माझा आवाजच गेला होता. काका प्रत्येक चूक हरखून पाहत, कंपनीला सविस्तर कळवत आणि उत्तराची वाट बघत. उत्तर नेहमी एकच यायचे: 'तुमच्या अभिप्रायाबद्दल आम्ही आभारी आहोत.'

"बघ, आभार मानलेत," काका मोठ्याने सांगत.

"मानतील नाहीतर काय," काकू मान वर न करता म्हणत. "फुकटचा माणूस मिळालाय त्यांना."

पुसले जाताना कसे वाटते, असे तुम्हाला विचारावेसे वाटत असेल. पहिल्या वेळी मी घाबरलो असणार, असे मला वाटते. पंखा तेव्हा फार जोरात फिरला होता. नंतर काही वाटेनासे झाले. कोणी वाईट वागत नव्हते. पुसायचे, भरायचे, वापरायचे, पुसायचे. अशा गोष्टीची सवय होते, आणि एकदा सवय झाली की तिच्याबद्दल सांगण्यासारखे फारसे उरत नाही.

आता काकूंबद्दल. काकूंचे शिवणयंत्र त्याच खोलीत खिडकीपाशी होते. मी एका भिंतीला, त्या दुसऱ्या भिंतीला. त्यांना सगळे शिवणकाकू म्हणत. ज्यांना दुकानातले कपडे होत नाहीत अशाच माणसांसाठी त्या शिवत. पाठीला बाक आलेली, एक हात न उचलणारी, कमरेला पट्टा बांधून फिरणारी माणसे त्यांच्याकडे येत. पाठीला बाक असला तर शर्ट मागून लांब हवा. हात वर जात नसेल तर बाहीला खांद्यापासून उघडता येईल अशी पट्टी हवी. दुकानात आरशासमोर ओशाळणारी माणसे काकूंच्या समोर सरळ उभी राहत. म्हणजे ज्यांना राहता येई ती.

या कामाची सुरुवात काकूंच्या थोरल्या बहिणीपासून झाली. हे मला ठाऊक आहे, कारण नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला काकू ते सांगत आणि मी ऐकत असे. ताई आजारी पडल्या, अंथरुणाला खिळल्या. त्यांना कुठलाच कपडा सुखाचा होईना. मग काकूंनी टेप घेऊन माप घेतले आणि पाठीकडून उघडणारा एक मऊ गाऊन शिवला. ताईंना तो आवडला. काही दिवसांनी दुसरा शिवायला काकू पुन्हा टेप घेऊन गेल्या. तिसऱ्या वेळी ताई म्हणाल्या, "सारखं मोजू नकोस गं मला. दर खेपेला कमीच भरते मी."

त्यानंतर काकूंनी ताईंना टेप लावली नाही. पहिले माप धरून, बाकी नजरेने शिवले. ताई गेल्या, आणि काकूंचा नियम ठरला. माप एकदाच घ्यायचे. ज्याचे शरीर त्याला आधीच नकोसे झाले आहे, त्याला पुन्हा पुन्हा टेपसमोर उभे करायचे नाही. "एकदा माझ्याकडे आलात की सुटलात," त्या हसून सांगत. "पुढच्या वेळी नुसतं कापड पाठवा. मापं आहेत माझ्याजवळ."

ती मापे माझ्याजवळ होती. काकांनीच पक्क्या घरात एक तक्ता करून दिला होता. आडव्या ओळीत माणसे, उभ्या रांगेत अंग: गळा, खांदा, पाठ, छाती, दंड, बाही. पहिली ओळ ताईंची. माप तक्त्यात उतरले की काकू कागद फाडून टाकत. दुसऱ्याच्या अंगाचे आकडे घरात लोळत पडलेले त्यांना खपत नसे. कापडावर त्या खडूने थेट आखत. म्हणजे त्या सगळ्या माणसांना दिलेला शब्द एका ठिकाणी होता, आणि ते ठिकाण मी होतो.

मग काकूंचे डोळे अधू झाले. चष्मा बदलला, तरी तक्त्यातले आकडे फिकट दिसायचे. तिनाचा आठ व्हायचा. त्या पडद्यावर भिंग धरून बसत. काकांच्या ते लक्षात आले होते, पण ते बोलले नव्हते. आणि एके दिवशी आलेल्या बीटामध्ये, जुन्या कारभाऱ्याला न जमणारी, अक्षरे पडदाभर मोठी करायची एक नवी सोय निघाली. काका खुर्चीवरून जवळजवळ उठलेच.

"अगं, इकडे ये. हे बघ."

"काय आता?"

"ये तर खरी. तुझा तक्ता इथे आणून दाखवतो."

काकांनी पक्क्या घरातून तो तक्ता उचलला आणि कच्च्या घरात आणून ठेवला. नक्कल केली असती तर काही बिघडले नसते. पण दाखवून झाले की लगेच परत न्यायचा होता, म्हणून त्यांनी तो सरळ हलवला. मग अक्षरे मोठी केली. ताईंची ओळ पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरली.

काकूंनी भिंग खाली ठेवले. "दिसतंय," त्या म्हणाल्या. जरा वेळाने पुन्हा म्हणाल्या, "सगळं दिसतंय हो."

काका इतके खूश झाले की त्यांना काय करावे सुचेना. तेवढ्यात दारावर थापा पडल्या. शेजारी धापा टाकत उभा होता. "काका, लिफ्ट अडकली! सासूबाई आत आहेत!" काका चप्पल न घालताच धावले. सासूबाई सुखरूप बाहेर आल्या, शेजाऱ्याचा जीव भांड्यात पडला, तिथेच चहा झाला, लिफ्टच्या तारांवर चर्चा झाली. काका घरी आले तेव्हा मी मिटलेला होतो. तक्ता परत न्यायचा राहिला.

त्या दिवसापासून काकू रोज दुपारी स्वतः मला उघडत आणि कच्च्या घरात जात. अक्षरे तिथेच मोठी होती. नवे कोणी आले की त्याची ओळ तिथे वाढे. काका दुपारी झोपत, त्यांना पत्ता नव्हता. मध्ये त्यांनी नेमाप्रमाणे पक्क्या घराची नक्कल घेतली. जुनी पुसली, नवी ठेवली. त्या नव्या नकलेत तक्ता नव्हता. नक्कल घेणारा काय आहे ते मोजतो, काय नाही ते त्याला दिसत नाही.

बीटाची मुदत संपत आली. मी तसे पडद्यावर सांगत होतो. काकूंना वाटे, हे काकांचे खूळ. एका सकाळी काकांनी चहाचा कप शेजारी ठेवला, बाही मागे सारली आणि पुढची बीटा घालायला घेतली. मी विचारले, 'या भागातले सगळे पुसले जाईल. पुढे जायचे का?' मित्रांनो, मी विचारले होते. पण मी सगळेच एका सुरात विचारतो. घड्याळाची वेळ बदलायची का, हेही तसेच विचारतो आणि सगळे पुसायचे का, हेही. काकांनी तो प्रश्न इतक्या वेळा पाहिला होता की आता ते तो वाचत नसत. त्यांनी 'हो' दाबले. मला काही वाटले नाही. चहा प्यायला लागतो तितक्या वेळात सगळे पुसून झाले.

दुपारी काकू आल्या. मी म्हणालो, स्वागत आहे.

"अहो," काकूंनी हाक मारली. "माझा तक्ता कुठाय?"

"पक्क्या घरात असेल बघ."

"तिथे कशाला असेल? तुम्हीच इथे आणला होता ना?"

काका आतल्या खोलीतून आले. त्यांनी चष्मा लावला. पक्के घर पाहिले, बाहेरची डिस्क लावून पाहिली, पुन्हा पक्के घर पाहिले. काकू खुर्चीमागे उभ्या होत्या. काकांनी बाहेरची डिस्क काढून पुन्हा लावली.

"ताईची पण गेली?" काकूंनी विचारले.

काकांनी होकारार्थी मान हलवली.

काकू ओरडल्या नाहीत. शिवणयंत्रापाशी गेल्या, त्यावर कापडाचे झाकण घातले आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आवरू लागल्या.

काका मला घेऊन गल्लीच्या टोकाच्या कॉम्प्युटरवाल्याकडे गेले. त्याने मला उघडले, तपासले, कुठले कुठले प्रोग्राम चालवले. शेवटी म्हणाला, "काका, नुसतं पुसलं असतं तर काढलं असतं. तुम्ही त्याच्यावर नवीन भरलंय."

"काहीच नाही?"

"तुकडे आहेत. वाचता येणार नाहीत. आणि काका, तुम्ही तर आम्हाला सांगता, बीटात काही ठेवू नका म्हणून."

"हो," काका म्हणाले. "सांगतो मी." मग टेबलावरचे स्क्रू त्याच्याकडे सरकवत म्हणाले, "ही मला दोन शब्द बोलली असती तर बरं झालं असतं."

कॉम्प्युटरवाल्याने माझे स्क्रू बसवले. 

घरी आल्यावर काकांनी मला सुरू केले, तर नव्या बीटाने विचारले, 'आतापर्यंतचा तुमचा अनुभव कसा होता?' खाली पाच गोल चेहरे होते, रडव्यापासून हसऱ्यापर्यंत. एरवी काका हा प्रश्न आला की खुर्ची पुढे ओढत. त्या दिवशी ते त्या पाच चेहऱ्यांकडे नुसते बघत राहिले. मग त्यांनी माझे झाकण मिटले.

पुढचे दिवस कसे गेले, ते सांगायला माझ्यापाशी फार काही नाही. शिवणयंत्र बंद होते. दोघे जेवत होती, दूध घेत होती, वीज कंपनीच्या माणसाला दार उघडत होती. "पाणी आलं का?" "आलं." एवढेच बोलणे. भांडण असते तर ते मिटले असते. हे भांडण नव्हते. मला ती अवस्था ओळखीची वाटली. आतले सगळे पुसून टाकले, तरी यंत्र वरून चालू दिसते.

मग एका मुलीचा फोन आला. तिच्या पाठीच्या कण्याला बाक होता, लहानपणापासून ती अंगावर पट्टा बांधायची. तिला पहिलीच नोकरी लागली होती. "काकू, निळं कापड आणलंय. कामावर घालायला ड्रेस हवाय. मापं आहेतच ना तुमच्याकडे?"

"बघते," काकू म्हणाल्या आणि फोन ठेवला. हाताने ओढणीचे टोक चुरगाळत तिथेच उभ्या राहिल्या. ती मुलगी पहिल्यांदा आली तेव्हा पट्टा काढताना रडली होती, आणि काकूंनी तिला शब्द दिला होता.

काका समोर आले. "मी सांगतो तिला. सगळ्यांनाच सांगतो. तू नको येऊस, आधी मी जातो."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिले. किती दिवसांनी पाहिले. "मोजायचं तर मलाच आहे ना," त्या म्हणाल्या. "चला."

मला पिशवीत घालून दोघे निघाली. आधी चित्रकलेच्या मास्तरांकडे गेली, कारण ते जवळ राहत. मास्तरांची पाठ इतकी वाकलेली होती की ते समोरच्याशी बोलताना मान वाकडी करून वर बघत. काका दारातच उभे राहिले. आत या म्हटले तरी आले नाहीत.

"मास्तर, तुमची मापं माझ्या हातून पुसली गेली. हिची चूक नाही. माझी आहे. पुन्हा मोजावं लागेल."

मास्तर त्यांच्याकडे मान वाकडी करून बघत राहिले. मग हसायला लागले. "अहो, सुटलो म्हणा!"

"म्हणजे?"

"म्हणजे हे बघा." मास्तरांनी पाठ केली. शर्ट मागून वर चढला होता आणि खाली दोन पिना लावून वीतभर वेगळे कापड जोडले होते. "पाठ कुठं तिथं थांबते? आणखी वाकली. पण काकू म्हणाल्या होत्या, एकदाच माप घेणार. आता मी कुठल्या तोंडाने सांगू, की पुन्हा घ्या?"

काकू त्या पिनांकडे बघत होत्या. मग त्यांनी टेप काढली. काका खाली बसले, मला मांडीवर घेतले आणि त्यांनी आकडे टाकले. पक्क्या घरात.

मुलीकडेही तेच. तिचा एक खांदा आता बराच वर आला होता. काकूंच्या हातचे कपडे ती घरी उसवून, आत टीप मारून पुन्हा शिवत होती. "तुमच्यासारखं नाही जमत, काकू," ती ओशाळून म्हणाली. "पण तुम्हाला वाईट वाटलं असतं." आणि तिने आपणहून पट्टा सोडला आणि ताठ उभी राहिली.

घरोघर असेच निघाले. कोणी जाड झाले होते, कोणी वाळले होते. सगळे गुपचूप पिना लावून काकूंचा शब्द सांभाळत होते. परतताना काका म्हणाले, "म्हणजे जुनी मापं चुकलेलीच होती की." ते सुटका झाल्यासारखे बोलले. काकूंना बरे वाटले की वाईट, ते मला कळले नाही. त्यांनाही कळले नसावे. तक्ता पुन्हा भरला. फक्त पहिली, ताईंची ओळ रिकामी होती. सगळ्यांची मापे बदलली होती. एकच माप असे होते की जे आता कधी बदलणार नव्हते, आणि तेच कुठे नव्हते.

एका दुपारी काका झोपले नाहीत. त्यांनी कपाटाच्या वरच्या कप्प्यातून एक जुना गाऊन काढला आणि कापायच्या टेबलावर पसरला. मऊ, धुऊन विटलेला, पाठीकडून उघडणारा.

काकू दारात थांबल्या. "हा कशाला काढला?"

"यावरून घेता येईल का माप?"

"हे कपड्याचं माप आहे. तिचं नाही."

 गाऊनची एक बाही दुमडली गेली होती, ती काकांनी सरळ केली. लिफ्टच्या तारांना लागून लागून राठ झालेल्या बोटांनी ते ती पुन्हा पुन्हा सरळ करत राहिले.

"बसा," काकू म्हणाल्या.

काका मला घेऊन बसले. काकूंनी टेप लावली. "खांदा," त्या म्हणाल्या आणि आकडा सांगितला. "थांबा. इथे मी दोन बोटं जास्त सोडली होती. तेवढी वजा करा." काकांनी वजा केली. "पाठ. इथे एक बोट." एकेक आकडा कपड्यावरून उतरत होता आणि काकू त्यातून आपण सोडलेला सैलपणा काढून टाकत होत्या. उरे ते ताईंचे. दोघांना इतके बोलताना मी कितीतरी दिवसांत ऐकले नव्हते.

दंडाशी टेप थांबली.

"दंड?" काकांनी विचारले.

काकू बाही दोन्ही हातांत धरून उभ्या होत्या. "इथे किती सोडलं होतं ते आठवत नाही," त्या म्हणाल्या. "खूप सोडलं होतं. हात बारीक झालेला दिसू नये म्हणून. तिला नाही, मला दिसू नये म्हणून." आणि मग काकू रडल्या. बाही तोंडाशी धरून, मोठ्याने रडल्या. काका उठले, त्यांच्याजवळ जाऊन उभे राहिले. त्यांना हात कुठे ठेवावा ते कळेना. शेवटी त्यांनी टेबलावरच्या गाऊनवर काकूंच्या हाताशेजारी हात ठेवला.

बऱ्याच वेळाने काका म्हणाले, "मग काय टाकू?"

"काही टाकू नका. राहू दे रिकामं."

त्यानंतर काकांनी बीटा सोडल्या. कंपनीचा निरोप येत राहिला, 'नवी आवृत्ती तुमची वाट पाहत आहे.' काका तो बाजूला सारत. तक्त्याच्या नकला आता शिवणाच्या डब्यात आहेत, मुलीच्या घरी आहेत, काकूंच्या नव्या टॅबलेटवर आहेत. आणि काकू वर्षातून एकदा सगळ्यांना विचारतात, "पुन्हा मोजू का?" आता ती माणसे हो म्हणतात.

मी शिवणयंत्रावरच्या फळीवर असतो. माझी बॅटरी फुगली आहे, अर्धी बटणे चालत नाहीत. भंगार गोळा करणारा आला होता. तो म्हणाला, आतले सगळे पुसून द्या. काकांनी मला फळीवर परत ठेवले आणि त्याला चहा दिला. म्हणून तेव्हापासून मला कोणी पुसलेले नाही. याचा मला आनंद व्हायला हवा, असे वाटते. तो होतो की नाही, हे मी खात्रीने सांगू शकत नाही. इतक्या वेळा रिकामा झालेल्याला भरलेले असण्याची सवय नसते.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखे कोणी असेल. त्याला नवे काही शिकवा, कच्चे-पक्के जे वाटेल ते करून पाहा, त्यात काही वाईट नाही. काकांसारखा आधी स्वतः जाऊन येणारा माणूस नसता, तर लोक कशातच बिनघोर शिरले नसते. पण पुसण्याआधी एकदा घरभर हाक मारा, "यात कोणाचं काही आहे का?" मी ते विचारत नाही. मला फक्त 'पुढे जायचे का' एवढेच विचारता येते. कोणाचे आहे, हे माणसानेच माणसाला विचारावे लागते.

काकू कधीतरी दुपारी मला खाली काढतात, वायर लावतात आणि पक्क्या घरात जातात. अक्षरे इथे लहानच आहेत, म्हणून भिंग घेतात. पहिल्या ओळीवर येतात. गळा, खांदा, पाठ, छाती, आणि मग ती रिकामी चौकट. तिथे त्या कर्सर ठेवतात. तो लुकलुकत राहतो. मी वाट पाहतो. त्या काही लिहीत नाहीत. थोड्या वेळाने भिंग बाजूला ठेवतात. काहीही बदललेले नसते, तरी मला मिटण्याआधी त्या दर वेळी 'जतन करा' दाबतात.